घरची कॉफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्टर, मोका पॉट, फ्रेंच प्रेस, कागदी गाळणी आणि कोल्ड ब्रू (गार पाण्यात तासन्‌तास भिजवून केलेली कॉफी) यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. बहुतेक तक्रारींचं मूळ दळणात सापडतं, म्हणून दुसरं काही वाचलं नाही तरी प्रश्न २ नक्की वाचा.

१. घरी चांगली कॉफी करायची आहे. सुरुवात कोणत्या भांड्यापासून करू?

दूध घालूनच पिणार असाल तर स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर घ्या. त्याला वीज लागत नाही, कागद लागत नाही, आणि वर्षानुवर्षं टिकतो. बिनदुधाची कॉफी आवडत असेल तर फ्रेंच प्रेस (दांड्याच्या जाळीने गाळ खाली ठेवणारं काचेचं भांडं) सगळ्यात सोपा, कारण त्यात हाताच्या कौशल्यावर फारसं काही अवलंबून नसतं. मोका पॉट (वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर ढकलणारं, गॅसवर ठेवायचं भांडं) या दोन्हींच्या मधला: कॉफी दाट निघते, दुधातही चालते आणि कोरीही. एस्प्रेसो यंत्राच्या वाटेला पहिल्याच वर्षी जाऊ नका. उरलेला पैसा हाताने फिरवायच्या चांगल्या ग्राइंडरवर खर्च करा, चवीत जास्त फरक त्याने पडतो.

२. कोणत्या पद्धतीसाठी कॉफी किती बारीक दळायची?

पाणी आणि कॉफी जितका जास्त वेळ एकत्र राहणार, तितकं दळण जाड हवं. बारीक दळलेल्या कॉफीतला अर्क लवकर उतरतो. तो गरजेपेक्षा जास्त उतरला की कडू, तुरट द्रव्यंही मागोमाग येतात. जाड दळणाला वेळ कमी मिळाला तर कॉफी पातळ आणि आंबट लागते.

स्वयंपाकघरातल्या मापात सांगायचं तर फ्रेंच प्रेस आणि कोल्ड ब्रूला उपम्याचा जाड रवा, कागदी गाळणीला लाडवाचा बारीक रवा, साउथ इंडियन फिल्टर आणि मोका पॉटला बारीक मीठ, आणि एस्प्रेसोला लाडवाचं रवाळ बेसन. मैद्याइतकं मऊ दळण फक्त तुर्की पद्धतीला लागतं. तिथे कॉफी गाळतच नाहीत, गाळ तळाशी बसू देतात.

दुकानातून दळून आणताना नुसतं ‘कॉफी पावडर द्या’ म्हणू नका, भांड्याचं नाव सांगा. माटुंग्यासारख्या ठिकाणी, जिथे समोर दळून देतात, तिथे काही न सांगता बहुधा फिल्टरचंच दळण मिळेल. ते फ्रेंच प्रेसमध्ये घातलं की कपात चिखल येतो आणि दोष भांड्याला लागतो.

३. मिक्सरमध्ये दळलं तर चालेल का?

चालेल, पण मर्यादा ओळखून. मिक्सर दळत नाही, तोडतो. त्यामुळे काही कण रव्यासारखे आणि काही पिठासारखे निघतात, आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही चवी येतात. लहान चटणीचं भांडं घ्या, एका वेळी ३०-४० ग्रॅम बिया टाका, दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा. सलग फिरवलं तर पावडर गरम होऊन वास उडतो. नंतर पिठाच्या चाळणीतून चाळून अगदी मऊ भुकटी वेगळी केली तर फ्रेंच प्रेस आणि कोल्ड ब्रूपुरतं काम भागतं. मसाल्याचं भांडं मात्र वापरू नका, धन्या-जिऱ्याचा वास कितीही धुतला तरी कॉफीत उतरतो.

४. पाकिटावर ८०:२० किंवा ५३:४७ लिहिलेलं असतं, ते काय? चिकोरी म्हणजे भेसळ का?

पहिला आकडा कॉफीचा, दुसरा चिकोरीचा. चिकोरी हे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ आहे. त्यात कॅफिन नसतं. प्रमाण छापून विकली तर ती भेसळ नव्हे. कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी आणि टक्केवारी पाकिटावर दिसावी, असा आपल्याकडे नियम आहे.

चिकोरी पाण्यात पटकन विरघळते, गडद रंग देते, डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क) दाट करते आणि फिल्टरमधून पाणी उतरण्याचा वेग कमी करते. दूध-साखरेच्या कॉफीत हे सगळं हवंसंच असतं. पहिल्यांदा घेणार असाल तर ८०:२० घ्या. ५३:४७ मध्ये कॉफीची चव निम्म्यावर येते, नुसता रंग आणि गोडसर कडवटपणा उरतो. कोरी कॉफी पिणार असाल तर चिकोरी नकोच.

५. पीबेरी, प्लँटेशन ए, चेरी, रोबस्टा. यातलं काय मागायचं?

अरेबिका आणि रोबस्टा या दोन वेगळ्या जाती. अरेबिका सुवासिक आणि सौम्य. रोबस्टा कडक आणि दाट, तिच्यात कॅफिनही जवळजवळ दुप्पट. भारतीय बाजारात ‘प्लँटेशन’ म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका, ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली, आणि ‘पार्चमेंट’ म्हणजे धुतलेली रोबस्टा. पुढची ए, बी ही अक्षरं दाण्याचा आकार सांगतात.

पीबेरी ही जात नव्हे. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन चपट्या बिया असतात. कधी एकच वाढते आणि गोल होते, ती पीबेरी. निवडून वेगळी काढावी लागते, म्हणून महाग. फिल्टरसाठी प्लँटेशन ए आणि पीबेरी निम्मी-निम्मी हे जुनं, भरवशाचं मिश्रण आहे. दुधात चव बुडते असं वाटत असेल तर त्यात पाचवा हिस्सा रोबस्टा घाला. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातून येते, चिक्कमगळूर, कोडगू आणि हासन इथून. महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते. तिथे गेलात तर बिया आणून पाहा.

६. साउथ इंडियन फिल्टरची नेमकी कृती काय?

दोन जणांसाठी २० ग्रॅम पावडर (पोह्यांचे साधारण ५ सपाट चमचे) आणि १२० मिली पाणी.

फिल्टरचे भाग चार: तळाला भोकं असलेलं वरचं भांडं, दांडीची चकती म्हणजे छत्री, डिकॉक्शन साठवणारं खालचं भांडं, आणि झाकण. वरचं भांडं अगदी कोरडं हवं. ओलसर असेल तर पावडर भोकांना चिकटून बसते. पावडर घाला, भांडं हलकेच आपटून ती सपाट करा, वर छत्री ठेवा आणि दाबून न बसवता नुसती टेकवा. पाणी खळखळ उकळलं की आधी दोन-तीन चमचे गोल फिरवत घाला आणि अर्धा मिनिट थांबा. पावडर ताजी असेल तर ती फुगते. मग उरलेलं पाणी छत्रीवर बारीक धारेने सोडा, झाकण लावा आणि हात लावू नका.

१५ ते २५ मिनिटांत साधारण ८० मिली डिकॉक्शन मिळेल. उरलेलं ४० मिली पाणी पावडरीतच राहतं, कारण कॉफी आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. एका कपाला ४० मिली डिकॉक्शन आणि १०० ते १२० मिली उकळतं दूध घ्या. साखर आधी कपात घाला, तिच्यावर डिकॉक्शन, मग दूध. टंबलरमधून डावऱ्यात (त्याच्या जोडीच्या पसरट वाटीत) दोन-तीनदा उंचावरून ओतलं की साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते.

७. पाणी ओतून अर्धा तास झाला, डिकॉक्शन खाली उतरतच नाही. काय करू?

आधी वरचं भांडं जरासं उचलून पुन्हा ठेवा. दोन्ही भांडी घट्ट बसली की खालची हवा अडकते आणि ती बाहेर पडल्याशिवाय थेंब पडत नाही. उचलताना ‘फुस्’ असा आवाज आला तर कारण हेच. पुढच्या वेळी भांडी थोडी सैल ठेवा.

आवाज आला नाही तर दोष पावडरीत किंवा भोकांत आहे. छत्री दाबली गेली असेल, दळण मऊ असेल, किंवा चिकोरी ४० टक्क्यांच्या वर असेल तर थर चिखलासारखा बसतो. अशा वेळी चमच्याच्या टोकाने वरचा थर हळूच मोकळा करा. तळापर्यंत ढवळू नका, गाळ भोकांत जातो.

दर वेळी असं होत असेल तर रिकामं, कोरडं भांडं उजेडाकडे धरून पाहा. बंद भोकं लगेच दिसतात. कॉफीतलं तेल वाळून ती बुजतात, साबणाने ते निघत नाही. पूर्ण स्टीलचं भांडं असेल तर सांडशीत धरून फक्त तळ गॅसच्या आचेवर अर्धा-एक मिनिट फिरवा, तेल जळून जातं. गार झाल्यावर मऊ ब्रशने घासा. कल्हईच्या पितळी फिल्टरला मात्र आच दाखवू नका, कल्हई वितळते. त्याला गरम पाण्यात लिंबूसत्व घालून थोडाच वेळ बुडवा. आणि कल्हई उडालेल्या पितळेत डिकॉक्शन साठवू नका, कॉफी आम्लधर्मी असते.

८. उलट होतंय, पाणी दोन मिनिटांत खाली येतं आणि कॉफी पाण्यासारखी लागते.

दळण जाड आहे, किंवा पावडर शुद्ध कॉफीची आहे आणि तुम्ही ती जरासुद्धा दाबलेली नाही. चिकोरी नसेल तर छत्रीने हलका दाब देणं योग्य असतं, प्रश्न ६ मधली ‘दाबू नका’ ही सूचना मिश्रणासाठी आहे. तिसरं कारण भांड्याचा आकार. सहा कपांच्या फिल्टरमध्ये दोन कपांची पावडर घातली तर थर पातळ पडतो आणि पाणी निसटतं. भांडं निदान अर्धं तरी पावडरीने भरायला हवं. म्हणूनच मोठं भांडं घेण्यापेक्षा रोजच्या गरजेचं घ्या आणि पाहुणे आले की दोनदा करा.

९. इन्स्टंट कॉफी फिल्टरमध्ये घालता येते का?

नाही. ती आधीच तयार करून वाळवलेली कॉफी आहे, पाणी पडताच सगळी विरघळून खाली जाते.

१०. डिकॉक्शन उरलं तर ठेवता येतं का? त्याच पावडरीत पुन्हा पाणी घातलं तर?

झाकण लावून फ्रिजमध्ये एक दिवस. दुसऱ्या दिवशी वास कमी झालेला जाणवेल, पण दुधात चालतं. पुन्हा उकळू नका, उकळलं की कडू होतं. वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा. दुसऱ्या पाण्यात मुख्यतः रंग आणि कडवटपणा येतो. सकाळच्या पहिल्या डिकॉक्शनमध्ये ते मिसळणं म्हणजे चांगली कॉफी बिघडवणं.

११. दूध कोणतं घ्यावं? गुळाची कॉफी केली की दूध फुटतं, ते का?

गाईचं किंवा पिशवीचं साधं दूध चांगलं, एकदाच उकळलेलं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या दुधाला शिजल्याचा वास येतो. म्हशीचं दूध दाट असल्यामुळे कॉफी दबते. तेच घरात येत असेल तर डिकॉक्शन ४० ऐवजी ५० मिली घ्या.

गुळातली आम्लं आणि क्षार उकळत्या दुधाला सोसत नाहीत. गूळ गरम डिकॉक्शनमध्ये विरघळवा, दूध गॅसवरून उतरवून मिनिटभर थांबा आणि मग मिसळा. त्यानंतर पुन्हा आचेवर ठेवू नका. साखर घालूनही दूध फुटत असेल तर ते आधीच नासत आलेलं होतं.

१२. आमच्याकडे दूध, पाणी, साखर आणि पावडर एकत्र उकळून जायफळ घालतात. ही पद्धत चुकीची आहे का?

अनेक मराठी घरांत कॉफी म्हणजे हीच, आणि जायफळ-वेलदोड्याची ती चव दुसरीकडे मिळत नाही. फक्त पावडर उकळू नका. दूध, पाणी आणि साखर उकळलं की गॅस बंद करा, मग पावडर घालून झाका (कपाला ८ ग्रॅम), चार मिनिटांनी सुती कापडातून गाळा. स्टीलच्या गाळणीतून बारीक गाळ निसटतो. जायफळ शेवटी, सहाणेवर किंवा किसणीवर दोन-तीन वेळा फिरवून निघेल तेवढंच. जास्त झालं तर चव औषधी होते आणि गुंगीही येते.

१३. फ्रेंच प्रेसमधली कॉफी गढूळ येते. उपाय?

३० ग्रॅम जाड दळणाला ४५० मिली पाणी. सगळं एकदम ओता, चार मिनिटं थांबा. वर आलेला थर चमच्याने एकदा मोडा, तरंगणारा फेस काढून टाका आणि आणखी चार-पाच मिनिटं तसंच ठेवा, गाळ आपोआप तळाशी बसतो. दांडा पार तळापर्यंत दाबू नका, जाळी कॉफीच्या पृष्ठभागाच्या जरा खाली नेऊन हळू ओता. शेवटचा घोट भांड्यातच राहू द्या. दांडा दाबताना जोर लावावा लागत असेल तर दळण बारीक आहे. जबरदस्ती केली तर काच फुटून गरम कॉफी अंगावर येते.

१४. मोका पॉट खरखर करतो आणि कॉफी जळकी लागते.

आच मोठी आहे आणि तुम्ही उशिरा उतरवता. खालच्या भांड्यात गरम पाणी वाफेच्या झडपेच्या खालपर्यंत भरा. झडप बुडाली तर ती धोक्याच्या वेळी काम करणार नाही. जाळीत पावडर काठोकाठ भरा, दाबू नका. तीन कपांच्या पॉटला १५ ते १८ ग्रॅम लागते. भांडी फडक्याने धरून घट्ट फिरवा, मंद आचेवर ठेवा, झाकण उघडं. कॉफी मधासारखी हळू यायला हवी. धार फिकट पिवळी झाली की उतरवा आणि तळ नळाखाली धरा. खरखर ऐकू येते तेव्हा पाणी संपत येऊन वाफ पावडर भाजत असते.

कडेने वाफ निघत असेल तर रबरी वॉशर बदला. लहान पॉट आपल्या गॅसच्या पायांवर डगमगतो, वर लोखंडी जाळी ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापत नाही, आणि तो काथ्याने घासू नका.

१५. मोका पॉटची कॉफी म्हणजे एस्प्रेसोच ना?

नाही. १९३३ मध्ये इटलीत बियालेत्ती यांनी आणलेल्या या भांड्यात वाफेचा दाब एक-दोन बारच्या आसपास असतो. एस्प्रेसोला ९ बार लागतो, आणि १८ ग्रॅम पावडरीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी काढतात. दुधात घालायला मात्र मोका छान चालतो.

१६. कागदी गाळणीत ओतताना पाणी नेमकं किती गरम हवं? पुण्यात वेगळं असतं का?

हलक्या भाजणीला ९४ ते ९६ अंश, गडद भाजणीला ९० च्या आसपास. पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक अंशाने उतरतो. मुंबईत पाणी १०० ला उकळतं, पुण्यात ९८ ला, महाबळेश्वरला ९५-९६ ला. ‘उकळल्यावर मिनिटभर थांबा’ हा सल्ला समुद्रसपाटीचा आहे. महाबळेश्वरला लगेच ओता.

कृती: कागद गरम पाण्याने धुवा, १५ ग्रॅम पावडर, एकूण २४० मिली पाणी. पहिले ४० मिली घालून ४० सेकंद थांबा, उरलेलं तीन-चार वेळा गोल फिरवत. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास संपावं. लवकर संपलं तर दळण बारीक करा, चार मिनिटांच्या पुढे गेलं तर जाड.

१७. चिकोरीची पावडर फ्रेंच प्रेस किंवा कागदी गाळणीत वापरली तर?

कागद बुजतो, प्रेसमध्ये काढा होतो. ती फिल्टरसाठीच ठेवा.

१८. कोल्ड ब्रू बाहेर ठेवायचा की फ्रिजमध्ये?

फ्रिजमध्ये, विशेषतः एप्रिल-मेच्या उकाड्यात. ओट्यावर तो आंबण्याची भीती असते. ८० ग्रॅम जाड दळण, ६४० मिली गार पाणी, १४ ते १६ तास. आधी कापडातून, मग कागदातून गाळा. साधारण ४८० मिली मिळेल, आठवडाभर टिकेल. पिताना तेवढंच पाणी किंवा दूध घाला. तसाच प्यायलात तर कॅफिन फार होतं.

१९. आरओचं पाणी वापरूनही कॉफी बेचव. का?

कॉफीचा अर्क उतरवायला पाण्यात थोडे क्षार लागतात, साधारण १०० ते १५० टीडीएस. काही आरओ ३०-४० वर आणतात, मग चव सपाट होते. आरओचं आणि नळाचं उकळलेलं पाणी निम्मं-निम्मं करून पाहा. बोअरचं जड पाणी उलटं करतं, चव खडूसारखी होते आणि भोकांत थर बसतो.

२०. पावसाळ्यात पावडरीचा गठ्ठा होतो. फ्रिजमध्ये ठेवू?

रोजची नको. डबा बाहेर काढला की आत दव धरतं. चिकोरी ओल फार लवकर ओढते, म्हणून कोकणात जून ते सप्टेंबर १०० ग्रॅमहून जास्त दळून आणू नका. हवाबंद लहान डबा, कोरडा चमचा. जास्त बिया असतील तर आठवड्यापुरत्या पुड्या करून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि एकदा काढलेली पुडी परत आत टाकू नका. कडक गठ्ठा झालेली पावडर फोडून वापरता येते, पण कुबट वास आला तर टाकून द्या.

२१. कोलेस्टेरॉल जास्त आहे. कोणती पद्धत बरी?

कागदी गाळणीची. कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवतं आणि कागद ते बहुतांश अडवतो. फ्रेंच प्रेस आणि उकळलेल्या कॉफीत ते सगळ्यात जास्त उतरतं. धातूची जाळी कागदासारखं अडवत नाही. रोज दोन-तीन कप घेत असाल तर डॉक्टरांना पद्धतही सांगा.

२२. उपवासाला चिकोरीची कॉफी चालते का?

चिकोरी हे मूळ आहे, धान्य नाही. पण उपवासाला काय चालतं हे घराघरांत वेगळं असतं. शंका असेल तर शुद्ध कॉफी आणा आणि छत्रीने हलकी दाबा (प्रश्न ८).

२३. परदेशात राहतो, फिल्टरची पावडर मिळत नाही.

गडद भाजलेल्या बिया मोका पॉटसाठी दळून घ्या. चिकोरी वेगळी मिळते, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कॉफीत चिकोरी घालण्याची जुनी परंपरा आहे. १६ ग्रॅम कॉफीत ४ ग्रॅम चिकोरी मिसळली की ८०:२० झालं. फिल्टरला शेगडी लागत नाही, विजेची किटली पुरते. तिथलं दूध मायक्रोवेव्हमध्ये नुसतं कोमट न करता उकळी येईपर्यंत तापवा, नाहीतर डिकॉक्शन मिसळल्यावर कॉफी गारच पडते.